रोझा बालिस्त्रेरी ऐकायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा: सिसिलीची लोकगायिका रोझा बालिस्त्रेरी हिच्याबद्दल वाचलं. नवऱ्यावर हल्ला, तुरुंग, बहिणीचा खून, वडिलांची आत्महत्या. मग गाणी लावली, तर आवाज खरखरीत, मध्येच ओरडल्यासारखा. ती खरोखर मोठी गायिका आहे, की आयुष्य एवढं विलक्षण म्हणून मोठी मानतात? आणि गाणं शिकणाऱ्याने तिच्याकडून काय घ्यावं?

मोठी गायिका आहे. आयुष्य सुखासमाधानात गेलं असतं, तरी रेकॉर्डवर जे ऐकू येतं त्याची किंमत कमी झाली नसती. पण तुमची शंका मला रास्त वाटते, कारण तिच्याबद्दलच्या लिखाणात गाणं येतं ते शेवटच्या दोन ओळींत. आपल्याकडे विठाबाई नारायणगावकरांचं नाव निघालं की कनातीमागे बाळंत होऊन, नाळ तोडून पुन्हा बोर्डावर उभं राहण्याचा प्रसंग लोक डोळ्यांत पाणी आणून सांगतात. विठाबाई गायच्या कशा, असं विचारलं की सांगणारा गप्प. रोझाच्या वाट्याला तेच आलं. मी आवाज शिकवते, त्यामुळे माझा कल उलटा आहे. आयुष्य सांगते, पण त्यातून तिच्या हाताला काय लागलं एवढ्यापुरतं.

जन्म 21 मार्च 1927, लिकाता. सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, आग्रिजेंतो प्रांतातलं बंदर. साल्सो नदी तिथे समुद्राला मिळते. बेटाच्या पोटातल्या खाणींमधलं गंधक या बंदरातून बाहेर जायचं, त्यामुळे गावात हमाल, गाडीवान, मच्छीमार, खलाशी अशी सगळी कष्टकरी वस्ती. वडील सुतार. घरात खाणारी तोंडं जास्त, कमाई तुटपुंजी. रोझाने लहानपणी काय केलं नाही? कापणी झालेल्या शेतात सरवा वेचला, गोगलगायी, केपरच्या कळ्या आणि निवडुंगाची बोंडं गोळा करून विकली, मासे खारवायला गेली. शाळा नावापुरतीही नाही. पायात पहिली चप्पल-बूट आले ते पंधराव्या वर्षी, तेही चर्चमध्ये गायचं होतं म्हणून, असं तिच्या चरित्रात सांगतात.

इथे जरा थांबते, कारण गाणाऱ्याच्या दृष्टीने हा भाग मोलाचा आहे. अशा गावात एका मुलीच्या कानावर किती तऱ्हेचं गाणं पडायचं ते बघा. शेतातलं गाणं वेगळं. चर्चचं वेगळं: गुड फ्रायडेच्या मिरवणुकीतले विलाप, नाताळच्या आधी नऊ दिवस चालणारी भक्तिगीतं. अंगाईगीतं होती. रात्री मुलीच्या खिडकीखाली गायची गाणी होती. गाडीवानांचं गाणं तर स्वतंत्र प्रकरणच: खेचराच्या गाडीवर रात्रभर एकटा चाललेला माणूस, ताल नाही, साथ नाही, एक ओळ श्वास संपेपर्यंत ताणायची आणि शेवटी गळ्याने नक्षी काढत खाली यायचं. शिवाय चौकात येणारे कथागायक. हे लोक खांबाला एक मोठा फलक लटकवायचे, त्यावर चौकटी-चौकटींत चित्रं. काठीने एकेक चित्र दाखवत गिटारवर खुनाची, दरोडेखोराची, संताची कथा गायची आणि शेवटी छापील कागद विकायचे. त्यांना तिकडे 'कांतास्तोरिए' म्हणतात. चिच्चो बुझाक्का आणि ओराझिओ स्त्रानो ही त्यांतली गाजलेली नावं.

आता रोझाची कोणतीही रेकॉर्ड लावा. एका गाण्यात गाडीवान ऐकू येतो, दुसऱ्यात चर्च, तिसऱ्यात चौकातला कथेकरी. ही तिची खरी शिदोरी. दुःख तर त्या गल्लीत घरोघर होतं. एवढा कान मात्र सगळ्यांना नव्हता.

लग्न सोळाव्या वर्षी, घरच्यांनी ठरवलेलं. 1943 च्या जुलैत अमेरिकी सैन्य लिकाताच्याच किनाऱ्यावर उतरलं, त्या सुमाराची ही गोष्ट. नवरा जुगारी आणि दारुडा. मुलीसाठी जमवलेलं लग्नाचं सामान त्याने जुगारात घालवलं, तेव्हा रोझा कानस घेऊन त्याच्यावर धावली. तो मेला असं समजून स्वतःच पोलिसांकडे गेली. तो वाचला, ती तुरुंगात गेली. सुटल्यावर पालेर्मोत, म्हणजे सिसिलीच्या राजधानीत, एका बड्या घरी मोलकरीण. त्या घरच्या मुलाने तिला फसवलं, दिवस गेले, वर चोरीचा आळ आला आणि पुन्हा तुरुंग. नंतर काही दिवस एका चर्चमध्ये झाडलोट आणि राखणीचं काम, आणि तिथूनही पळ काढावा लागला. भावाला घेऊन तिने उत्तरेकडे, फ्लॉरेन्सला जायला गाडी पकडली. मागे लिकातात राहिलेली बहीण मारिया नवऱ्याच्या जाचाला कंटाळून मुलांसह तिच्याकडे फ्लॉरेन्सला आली, तर नवऱ्याने पाठोपाठ येऊन तिचा खून केला. वडिलांना ते सोसलं नाही. त्यांनी गळफास घेतला.

हे मी भराभर सांगितलं, मुद्दाम. या सगळ्याचा मुख्य साक्षीदार रोझा स्वतःच आहे. तिने ते अनेकदा, अनेकांना सांगितलं. लिकाताच्याच जुझेप्पे कांतावेनेरे यांनी तिच्या तोंडून ऐकलेलं आयुष्य तिच्या मृत्यूनंतर, 1992 मध्ये पुस्तकरूपाने आणलं. ती जातिवंत कथेकरीण होती. सांगता सांगता गोष्टीला आकार द्यायची, कुठे थांबायचं ते तिला कळायचं. खोटं बोलली असं मी अजिबात म्हणत नाही. पण स्वतःचं आयुष्यही ती गाण्यासारखंच रचून सांगायची, हे लक्षात ठेवलं की निव्वळ सोसलेली बाई म्हणून तिच्याकडे बघणं बंद होतं.

तुरुंगाने तिला एक गोष्ट दिली, ती मात्र थेट कामाची. सिसिलीत कैद्यांच्या गाण्यांचा जुना, भरपूर साठा आहे. आईला उद्देशून गायलेली, न्यायाधीशाला शाप देणारी, खिडकीतून दिसणाऱ्या तुकडाभर आकाशाबद्दलची. रोझाने ती गोळा केली, निवडली आणि 1974 मध्ये 'नोई सिआमो नेल्लिन्फेर्नो कार्चेराती' या नावाने अख्खी रेकॉर्ड त्यांवर केली. नावाचा अर्थ, आम्ही नरकातले कैदी. या वळणाचं तिचं सगळ्यात प्रसिद्ध गाणं शिवीनेच सुरू होतं: काडीचाही गुन्हा न करता आत सडणारा एक जण समोरच्याची आई काढतो. ऐकताना लक्ष द्या, ती चिडून गात नाही. शिवी ती सुरात ठेवते, स्वच्छ, प्रत्येक जोडाक्षर दाबून. राग ऐकणाऱ्याला येतो. गाणारी शांत असते. नटाला हे शिकवायला वर्षं जातात.

फ्लॉरेन्समध्ये ती जवळपास वीस वर्षं राहिली. आधी घरकाम, मग सान लोरेन्झोच्या बाजारात फळं-भाजीचा गाळा. गाळ्यावर गायची, गिऱ्हाईक थांबायचं. लिहा-वाचायला शिकली ती तिशी ओलांडल्यावर. मान्फ्रेदी लोम्बार्दी नावाच्या चित्रकाराबरोबर बारा वर्षं संसार केला, आणि त्याच्यामुळे तिच्या घरी चित्रकार, लेखक, कम्युनिस्ट पक्षाची माणसं येऊ लागली. रेनातो गुत्तूझो हा मोठा चित्रकार तिच्याच बेटावरचा, त्याच्याशी मैत्री झाली. कलासमीक्षक मारिओ दे मिकेली याने तिचं गाणं ऐकलं आणि रिकोर्दी कंपनीकडून तिची पहिली रेकॉर्ड निघायला मदत केली. गिटारही तिने मोठेपणी हाती घेतली. चाळिशीला टेकलेली, भाजीचा गाळा लावणारी बाई व्यावसायिक गायिका होते, तेव्हा तिच्यापाशी तीसएक वर्षांचं साठलेलं गाणं असतं आणि रंगमंचाचा अनुभव शून्य.

योग असा की नेमकं तेव्हाच इटलीत लोकगीतांचं वारं आलं होतं. 1954-55 मध्ये अमेरिकी संशोधक ॲलन लोमॅक्स आणि इटालियन दिएगो कार्पितेल्ला यांनी टेपरेकॉर्डर घेऊन देश पालथा घातला. 1962 मध्ये मिलानमध्ये जान्नी बोझिओ, रोबेर्तो लेइदी आणि मंडळींनी 'नुओवो कान्झोनिएरे इतालियानो' उभं केलं: खेड्यातलं आणि कामगारांचं गाणं गोळा करायचं, छापायचं, मंचावर आणायचं. 1964 मध्ये स्पोलेतोच्या उच्चभ्रू महोत्सवात त्यांनी 'बेल्ला चाओ' नावाचा कार्यक्रम केला. (हो, तेच गाणं. आपल्याकडच्या पोरांना ते एका स्पॅनिश मालिकेमुळे पाठ आहे आणि दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले होते तेव्हा पंजाबीतही आलं.) त्या प्रयोगात पहिल्या महायुद्धातलं एक सैनिकांचं गाणं म्हणताना मिकेले स्त्रानिएरो याने अधिकाऱ्यांना गद्दार म्हणणारं कडवं घातलं, आणि नाट्यगृहात असा गदारोळ झाला की सैन्याच्या अवमानाची तक्रार गेली. लोकगीत म्हणजे घागरा घालून गोल नाचणं, या समजुतीला तिथे तडा गेला.

रोझा या मंडळींत आली 1966 मध्ये, दारिओ फोच्या 'ची राजोनो ए कान्तो' या प्रयोगातून. फो म्हणजे पुढे 1997 मध्ये साहित्याचं नोबेल मिळवणारा नाटककार. प्रयोगाच्या नावाचा अर्थ शब्दशः, मी विचार करतो आणि गातो. मंचावर कोण कोण होतं बघा: भाताच्या शेतात लावणी-निंदणीला जाणारी, पो नदीच्या खोऱ्यातली जोव्हान्ना दाफ्फिनी, संगीत विद्यालयात रीतसर शिकलेली रोमची जोव्हान्ना मारिनी, तोस्कानातली गाणी गावोगाव फिरून गोळा करणारी कातेरिना बुएनो, आणि ही लिकाताची.

या प्रयोगावरून एक भांडण झालं, ते गाणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे. फोचं म्हणणं, लोकगीताचा ताल कामातून येतो. वल्हं मारणारा, दोर ओढणारा, घण घालणारा शरीर जसं हलवतो तसा श्वास तुटतो आणि तशी ओळ पडते. म्हणून मंचावर ते काम शरीराने दाखवा. संशोधक मंडळींना हे पटेना. गावची बाई जशी उभी राहून गाते तशीच ती दिसली पाहिजे, नाटक कशाला? माझं मत विचाराल तर तत्त्व फोचं बरोबर, उतारा संशोधकांचा बरोबर. श्वास कामातून येतो हे शंभर टक्के खरं. पण रोझासारखी बाई समोर असेल तर तिला खोटं वल्हं मारायला लावायची गरज नाही. तिच्या ओळीत ते ओझं आधीच आहे. जुने फोटो बघा. गिटार छातीशी, हनुवटी वर, डोळे बहुतेक मिटलेले. हातवारे नाहीत.

साधारण याच काळात बगेरीयाचा कवी इन्यात्सिओ बुत्तीता तिच्या आयुष्यात आला. 1899 चा जन्म, म्हणजे तिच्यापेक्षा अठ्ठावीस वर्षांनी मोठा, फक्त सिसिलीच्या बोलीत लिहिणारा. 1955 मध्ये श्यारा गावात माफियाने मारलेल्या साल्वातोरे कार्नेवाले या शेतमजूर पुढाऱ्यावर त्याने रचलेला विलाप बुझाक्का चौकाचौकांत गायचा. पालेर्मोत आलेल्या चाच्यांवरचं त्याचं काव्य रोझाने गायलं: परके आले, सूर्य चोरला, संत्र्यांचं सोनं लुटलं. कवितेचं गाणं करताना तिने एक फार शहाणपणाची गोष्ट केली. चाल गुंतागुंतीची केली नाही. बालगीताइतकी साधी, पुन्हा पुन्हा तीच येणारी. त्यामुळे प्रत्येक कडव्यागणिक शब्द जड होत जातात आणि चाल हलकीच राहते. मोठी बंदिश बांधायची हौस असलेल्यांनी हे गाणं समोर ठेवून बसावं.

1971 मध्ये ती पालेर्मोला परतली. पुढची सात-आठ वर्षं भराची. 'आमोरे तू लो साइ ला वीता ए आमारा' 1971, 'ला कान्तात्रीचे देल सुद' आणि 'तेर्रा के नॉन सेन्ती' 1973, कैद्यांची रेकॉर्ड आणि 'आमुरी सेन्झा आमुरी' 1974, 'विन्नी आ कान्तारी आल्लारिउ स्कुवेर्तु' 1978. 1973 मध्ये तर सानरेमोच्या महोत्सवाचं दार उघडलं होतं. इटलीत सानरेमो म्हणजे घराघरांत बघितला जाणारा गाण्यांचा सोहळा. तिथे 'तेर्रा के नॉन सेन्ती' गायचं ठरलं, आणि ऐनवेळी गाणं नवं नाही, आधी गायलं गेलंय, म्हणून तिला वगळलं. नियम होताच तसा. पण गुळगुळीत प्रेमगीतांच्या रांगेत हे गाणं आयोजकांना जड गेलं असतं, असं तेव्हाही अनेकांना वाटलं. वाद वर्तमानपत्रांत गाजला.

ते गाणं काय आहे? ज्या मातीतून माणसं उठून चालली आहेत तिला घातलेले शाप. तू ऐकत नाहीस, समजून घेत नाहीस, मला मरताना बघून बोलत नाहीस. जाणाऱ्याला धरून ठेवत नाहीस आणि त्याने परत यावं असं काही देतही नाहीस. तेव्हा सिसिलीची माणसं गाड्या भरभरून तोरीनोच्या कारखान्यांत, जर्मनीत, बेल्जियमच्या कोळसा खाणींत जात होती. पालेर्मोहून तोरीनोला जाणाऱ्या गाडीचं नाव होतं 'सूर्याची गाडी'. रोझाही अशाच गाडीतून गेलेली. तरी हे गाणं ती 'माझी कहाणी' म्हणून गात नाही. सुरुवातीचे शाप ती जवळजवळ बोलते, गिटारवर मोजके आघात. पहिल्यांदा मातीला हाक मारते तेव्हा आवाज उघडतो, पण पूर्ण नाही. काही राखून ठेवलेलं असतं. पुढच्या आवर्तनात त्याच ओळीला ती आणखी जोर देते. मूळ हाकेला मात्र एकही जास्तीची हरकत नाही. एवढा संयम अपघाताने येत नाही. किती द्यायचं आणि कधी, हे ठरवून गाणारीच असं गाते.

आता तुम्ही ज्याला 'ओरडणं' म्हणता ते. आपल्या कानाला बाईचा आवाज वर गेला की पातळ व्हावा, अशी सवय लागली आहे, त्यात चित्रपटसंगीताचा वाटा मोठा. रोझा छातीचा आवाज सोडतच नाही. खालच्या पट्टीत गाते आणि वर जाताना तोच आवाज तसाच वर नेते. कंप जवळपास नाही. स्वर उघडे, 'आ' खरा 'आ'. भूमध्य समुद्राच्या काठावर उघड्यावर गाणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या असंच गातात, कारण चौकात, शेतात, होडीवर आवाज पोचायचा तर हाच मार्ग. तमाशाच्या फडावर मायक्रोफोन नसलेल्या काळात आपल्याकडे तरी काय वेगळं होतं?

खरखर आहे, ती खरी आहे. पण वर्गात तिचं गाणं लावलं की शिकणारे आधी नेमकी तीच उचलतात. गळा आवळून, घसा घासून. दोन कडव्यांत आवाज बसतो. रोझाची खरखर हा तिच्या आवाजाचा पोत आहे, युक्ती नाही. तुम्ही तिच्याकडून घ्यायचं ते दुसरंच.

एक तर ओळीचा शेवट. 'मी वोतु ए मी रिवोतु' हे जुनं प्रेमगीत लावा. तुझ्यापायी रात्रभर कुशी बदलतोय, उसासे टाकतोय, पहाटेपर्यंत डोळा लागत नाही, असा अर्थ. संथ लय, तुरळक गिटार. प्रत्येक ओळ वरून निघून खाली उतरते आणि शेवटच्या अक्षरावर ती छोटासा वळसा घेते. तो वळसा दर वेळी सारखा नाही. कधी एकच कणस्वर, कधी दोन-तीन सुरांची घसरण, कधी काहीच नाही, सरळ थांबणं. गाडीवानांच्या गाण्यातली नक्षी तिने इथे चिमूटभर वापरली आहे. तीन कडव्यांतले वळसे वहीत लिहून काढा, मग कळेल ती काय करते.

दुसरं, गिटार आणि गळा यांची फारकत. तिची गिटार साधी, थोडेच स्वरमेळ. पण गळा तालावर बसत नाही, थोडा मागे रेंगाळतो किंवा पुढे निसटतो आणि ठरावीक जागी येऊन मिळतो. ठेका सोडून गाऊन समेवर यायची सवय असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. तरी करून बघा, स्वतः वाजवत असताना हे अवघड जातं.

आणि उच्चार. इथे मराठी माणसाला चक्क फायदा आहे. प्रमाण इटालियनमध्ये मूर्धन्य 'ड' नाही. सिसिलीच्या बोलीत आहे. इटालियन 'बेल्ला', म्हणजे सुंदर, तिथे 'बेड्डा' होतं, जीभ मागे वळवून, आपल्या 'लाडू'तल्या 'ड'सारखं. मिलानच्या गायकांना त्यावर घाम गाळावा लागतो, आपल्याला तो बिनकष्टाचा. हे व्यंजन नीट पडलं की ओळीची चाल आपोआप बदलते, कारण जोडाक्षरावर क्षणभर अडखळायला होतं आणि रोझाची अर्धी लय त्या अडखळण्यात आहे.

तुमच्या प्रश्नात न आलेली एक शंका तज्ज्ञ मंडळी काढत असतात: ही 'अस्सल' परंपरेची गायिका की लोकगीतं मंचावर सादर करणारी व्यावसायिक? इटलीत यावर रकानेच्या रकाने भरले. ती दोन्ही होती. आईकडून, शेजारणींकडून आलेलं गाणं तिच्याकडे होतं. बुत्तीतासारख्यांच्या नव्या कविता होत्या, स्वतः बांधलेल्या चाली होत्या. आल्बेर्तो फावारा या संगीतकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी गोळा करून ठेवलेल्या सिसिलियन चालींचाही त्या काळच्या सगळ्या गाणाऱ्यांना आधार होता. कार्यक्रम करायचा तर मांडणी करावी लागते, गाण्यांचा क्रम लावावा लागतो. अस्सलपणाची कसोटी लावणारे बहुतेक जण गरीब बाईने गाणं 'केलं' हे मान्य करायला तयार नसतात. त्यांना ते तिच्यातून आपोआप वाहायला हवं असतं. मला या वादाचा कंटाळा आहे, म्हणून पुढे जाते.

ऐंशीच्या दशकात वारं फिरलं. राजकीय सभा ओसरल्या, लोकगीतांच्या रेकॉर्ड निघायच्या कमी झाल्या. रोझा रंगभूमीकडे वळली. पालेर्मोचा पत्रकार-नाटककार साल्वो लिकाता याने तिच्याच आयुष्यावर 'ला बाल्लाता देल साले' लिहिलं आणि ते तिनेच केलं. म्हणजे आयुष्य पुन्हा मंचावर, पण या खेपेला सूत्रं तिच्या हाती. पैसा असा कधीच साठला नाही. 1990 मध्ये कालाब्रियात दौऱ्यावर असताना मेंदूत रक्तस्राव झाला आणि 20 सप्टेंबरला पालेर्मोच्या व्हिला सोफिया रुग्णालयात ती गेली. वय 63. दफन मात्र सिसिलीत नाही, फ्लॉरेन्सच्या वेशीवरच्या त्रेस्पियानो दफनभूमीत.

नंतर पालेर्मोच्या फ्रान्चेस्को जुन्ता याने आपल्या 'तेआत्रो देल सोले' या छोट्या संस्थेतून तिची जुनी आणि अप्रकाशित ध्वनिमुद्रणं पुन्हा बाजारात आणली, नाहीतर नव्वदच्या दशकात तिचं गाणं मिळणं मुश्कील होतं. कातानियाची एत्ता स्कोल्लो हिने 2005 मध्ये 'कान्ता रो' ही रेकॉर्ड सिसिलीच्या सिम्फनी वाद्यवृंदाबरोबर केली. कार्मेन कोन्सोली ही आजची नावाजलेली गायिका तिची गाणी मंचावर गाते. दोघींचं काम चांगलं आहे. वाद्यवृंदात मला मात्र त्या ओळींच्या शेवटची शांतता हरवल्यासारखी वाटते.

ऐकायचा क्रम सांगते. पहिल्यांदा 'मी वोतु ए मी रिवोतु' आणि 'कु ती लु दिस्सी', दोन्ही प्रेमाची गाणी. निषेधाच्या गाण्यापासून सुरुवात केलीत तर तुम्ही पुन्हा चरित्र ऐकायला लागाल. ही दोन कानात बसली की चाच्यांचं गाणं, मग कैद्यांची रेकॉर्ड सलग, आणि 'तेर्रा के नॉन सेन्ती' सगळ्यात शेवटी. नाताळची गाणी सवडीने ऐका, त्यांत तिचा आवाज फार मऊ लागतो. अर्थाचा कागद हातात असू द्या, पण पहिल्या ऐकण्यात तो उलटा ठेवा. इंटरनेटवरच्या संकलनांत बऱ्याचदा ध्वनिमुद्रणाचं साल दिलेलं नसतं. शक्यतो 1971 ते 1978 च्या मूळ रेकॉर्डच्या नावाने शोधा, म्हणजे आवाज भरात असतानाचं गाणं मिळेल. आणि गायला घ्याल तेव्हा तिच्या पट्टीत गाऊ नका. स्वतःचा छातीचा आवाज जिथे आरामात लागतो ती पट्टी आधी शोधा आणि गिटार तिथे लावून घ्या.